तिसऱ्या वर्तुळाचे दगड

तिसरं वर्तुळ जागेवर नव्हतं.

पहिली दोन व्यवस्थित होती. तिसऱ्याच्या जागी नुसता उकरल्यासारखा खळगा. माझ्यामागे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका आयटी कंपनीची टीम घामाघूम होऊन आली होती. ती मंडळी झाडाखाली ओळीने मांडलेल्या धोंड्यांवर बसून पाणी प्यायला लागली. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते बसलेत कशावर.

मी टूर लीडर. आमचं ऑफिस बेंगळुरूत शिवाजीनगरला, पण मी लोकांना नेत असे ते नदीच्या बॅकवॉटरमधल्या एका बेटावर. रात्रभर बस, मग जीप, मग हरिगोलु म्हणजे बांबूची गोल होडी. नदीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की माणसं पोचतात, आणि माणसं पोचली की काय होतं, ते पुढे येईलच.

बेटावर आहे काय? थडगी. लोखंड नवं नवं होतं त्या काळातली. माणूस पुरायचा, वर लहान दगडांची रास घालायची आणि भोवती मोठे धोंडे गोलात मांडायचे. याला शिळावर्तुळ म्हणतात. खरं सांगू? दिसायला काही विशेष नाही. दगडच ते. पण ठेवणाऱ्याने जिथे ठेवले तिथेच अजून आहेत, एवढीच त्यांची किंमत. समोरच्या गावाला ते आपले पूर्वज वाटतात. तिथे कुणी गुरंसुद्धा सोडत नाही.

मग आम्हाला कसं जाऊ दिलं? हणमंतअण्णांमुळे. होडी त्यांची. माणूस सीमाभागातला, मराठी आणि कन्नड दोन्ही घरची. मी मराठी बोलणारी बेंगळुरूची, आमचं घर तीन-चार शतकं इथलंच, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. गावाच्या बैठकीत अण्णा माझ्यासाठी उभे राहिले होते. "मालतीअक्कांची माणसं फक्त बघून जातील. एक दगड हलला तर माझी होडी बंद करा," असं सगळ्यांसमोर बोलले होते. इतकी वर्षं एक खडा हलला नव्हता.

आणि आता हे! त्या दिवशी होडीतून उतरल्यापासून वाटेवर दर वळणाला दगडांचे छोटे ढीग दिसत होते. ट्रेकिंगवाले याला केर्न म्हणतात. डोंगरात धुकं असलं की वाट कळावी म्हणून दगडावर दगड रचून ठेवतात. चांगली पद्धत आहे, हिमालयात. हे काम आमच्या ऑफिसचंच, हे मी ओळखलं होतं. मनात चरफडले होते, पण दगड नदीकाठचे असतील असं धरून चालले. त्या खुणा धरूनच आम्ही तिसऱ्या वर्तुळापाशी आलो, आणि खुणा केल्या होत्या त्याच वर्तुळाच्या दगडांच्या. वा रे मार्ग!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना धोंड्यांवरून उठवलं आणि काठावरच्या खडकावर गेले. बेटावर रेंज फक्त तिथे. सलीलला फोन लावला. सलील आमचा बॉस, पुण्याहून आलेला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"मालतीताई! रूट मार्किंग बघितलं? सरप्राइज होतं तुमच्यासाठी!"

"दगड कुठून उचलले तुझ्या माणसांनी?"

"तिथूनच. दगडांना काय तोटा आहे तिथे? आणि सिटिंग पण केलंय. बसायला जागा नाही असा मागच्या ग्रुपचा फीडबॅक होता."

"अरे बाबा, ती थडगी आहेत!"

तो म्हणाला, "तिथे बोर्ड कुठे आहे तसा?"

"बोर्ड नाही म्हणून तर मी असते ना सोबत! मला का नाही विचारलंस?"

"ओके, ओके. पॅनिक नको. टीमला घ्या आणि दगड परत ठेवून द्या. फक्त फोटो नको."

त्या टीमची मॅनेजर प्रणिता माझ्या मागेच उभी होती. तिने माझ्या बाजूचं तेवढं ऐकलं आणि बिचारी उत्साहाने म्हणाली, "मॅम, हम लोग रख देते हैं ना! टीम अ‍ॅक्टिव्हिटी हो जाएगी." दोघांनी तर बाह्यासुद्धा सरसावल्या.

ठेवणार कुठे, डोंबल? कुठला दगड कुठे होता, हे कुणाला ठाऊक आहे? अंदाजाने गोल मांडला तर तो आपण मांडलेला गोल. उद्या कुणी अभ्यासक आला तर तो आमच्या टीम अ‍ॅक्टिव्हिटीला प्राचीन समजून मोजत बसणार. या धंद्यात हलवलेली वस्तू परत ठेवत नाहीत. आहे तशी सोडायची आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

अण्णा खळग्यापाशी उकिडवे बसले होते.

"अक्का, ज्यांनी हे केलं ते दोघं तुमचं नाव सांगून आले होते," ते म्हणाले. "मालतीअक्कांनी पाठवलंय म्हणाले. म्हणून मीच आणून सोडलं. मी होडीपाशीच थांबलो. नाहीतर पाय ठेवू दिला असता होय?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"गावाला कळायच्या आत ठेवून टाकू," ते पुन्हा म्हणाले. "स्वल्प इकडे तिकडे होईल, पूर्वज समजून घेतील."

"नको अण्णा. आपण कळवू. तुम्ही जे झालं ते खरं सांगा. खरं बोलणाऱ्याला कोण काय करणार?"

"सरी अक्का. तुम्ही म्हणता तर."

अधिकारी आले. माणूस सभ्य होता. अण्णांनी सगळं सांगितलं: दोन माणसं आली, माझ्या होडीतून आली, मी आणलं. सलीलने कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की आमचं कुणी त्या बेटावर रूट मार्किंगला गेलंच नाही. ती दोघं बाहेरून बोलावलेली होती, त्यांचे फोन बंद झाले. मी सलीलचं फोनवरचं बोलणं सांगितलं. त्याने कानावर हात ठेवले.

"दगड उचलताना तुम्ही पाहिलंत?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"नाही."

मग कागदावर राहिलं काय? बेटावर माणसं आणल्याचं कबूल करणारा एकच जण, हणमंतअण्णा. बेट बंद झालं, त्यांना नोटीस आली, आणि गावाने बैठकीत ठरल्याप्रमाणे त्यांची होडी बंद केली. गावाला तरी काय बोलणार? शब्द अण्णांनी दिला होता, माझ्या भरवशावर.

मी राजीनामा दिला. सलील म्हणाला, "इमोशनल होऊ नका ताई." तो आता दुसऱ्या एका बेटावर टूर नेतो. तिथे म्हणे सिटिंग फार छान आहे.

नंतर एकदा मी अण्णांकडे जाऊन आले. होडी अंगणात पालथी होती, तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सतरंजी घातली, आत चहा सांगितला आणि म्हणाले, "बसा मॅडम."



आता मी यशवंतपूरला नव्या ट्रेक लीडर्सना शिकवते. निघण्याआधी काय काय तपासायचं, असं ती मुलं विचारतात. मी सांगते: पाणी, बूट, औषधं, आणि आपल्या आधी आपल्याच ऑफिसातलं कोण तिथे जाऊन आलंय ते.