ताफ्यातलं खटारा जहाज

लोकांचं घरसामान हलवणं हा माझा धंदा. खोकी भरताना मी प्रत्येकाला तोंड वर करून सांगतो, "मोडकंतोडकं इथेच टाका, उगाच ओझं कशाला?" माझ्या स्वतःच्या गॅलरीत मात्र तीन बंद पंखे पडलेत.

घरी आलो की मी कॉम्प्युटरवर अंतराळातल्या लढायांचा खेळ खेळतो. त्यात नेहमी बिनग्रहाची भटकी जमात घेतो. सगळा संसार जहाजांवर, शत्रू दिसला की धूम ठोकायची. पण माझ्या जमातीला पळणं ठाऊकच नाही, कारण अख्खा ताफा सगळ्यात मंद जहाजाच्या चालीने चालतो आणि पहिल्यापासूनचं एक खटारा जहाज माझ्याच्याने मोडीत काढवत नाही. कालही शत्रूने गाठून आमचा पार भुगा केला.

बायको मागे उभी राहून बघत होती. "अहो, टाकून द्या की ते धूड!"

"अगं, कुरकुरतं, रखडतं, इंधन ढोसतं, सगळं कबूल. पण सुरुवातीपासून सोबत आहे. कसं टाकू?"

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तेच तर," ती म्हणाली. "मला तरी कुठे जमलं?"