ओळ देणारा बिरप्पा

त्या वर्षी सोलापुरातली तरणी पोरं बोलता बोलता डाव्या कानाच्या पाळीला हात लावायला लागली. गिरणीतला कामगार असो की वकिलाचा चिरंजीव, दोन वाक्यं बोलून झाली की हात कानाला. विचारलं तर म्हणायची, "मास्तर, तुम्ही बोलपट पाहिला नाही वाटतं? बाळासोंची लकब आहे ती." मी मराठी शाळेतला मास्तर. या शहराच्या अकलेबद्दल माझं मत आधीही फारसं बरं नव्हतं, त्या वर्षी ते पक्कं झालं. कारण त्या लकबीचा खरा अर्थ गावात मला एकट्याला ठाऊक होता, आणि तो मला ज्यानं सांगितला तो बिरप्पा तिकडे अक्कलकोटच्या माळावर भावाची मेंढरं राखत बसला होता.

बिरप्पा धनगराचा मुलगा. घरात कानडी, बाजारात आपली देशी मराठी. चौथीपर्यंत शिकला, पण तेवढ्यात कुणा भल्या मास्तरानं त्याच्या हाताला असं वळण लावलं की छापखान्यानं तोंड लपवावं. श्रीमार्तंडप्रसाद संगीत मंडळीचा मुक्काम अक्कलकोटला पडला, तेव्हा नटांच्या नकला, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याची भाषणं, उतरवून द्यायला त्यांना माणूस हवा होता. बिरप्पा तेवढ्यासाठी गेला आणि कंपनीबरोबर चालता झाला. नकला लिहिता लिहिता अख्खं नाटक त्याला पाठ झालं. मग त्यांनी त्याला प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभं केलं. तिथं तो बावीस वर्षं उभा होता.

हे काम लोकांना सोपं वाटतं. स्वतःला करावं न लागणारं प्रत्येक काम लोकांना सोपंच वाटतं. नट अडला की पुढचं वाक्य कुजबुजत त्याच्या कानावर घालायचं, याला म्हणायचं ओळ देणं. नटानं ती उचलली तर ठीक. प्रॉम्प्टरनं ती दिलीच नाही, किंवा उशिरा दिली, आणि नट तोंड उघडं टाकून उभा राहिला, तर ओळ पडली. आवाज नटापर्यंत पोचला पाहिजे, पण पहिल्या रांगेपर्यंत पोचता कामा नये. बिरप्पा एरवी "हाय-न्हाय" करणारा माणूस, पण विंगेतून राजाचं भाषण देताना एक अनुस्वार इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. मंडळी दरसाल सोलापूरला यायची. मी फुकट्या पासावर पहिल्या रांगेत बसायचो. नाटक सुटलं की बिरप्पा उपरण्यानं तोंड पुसत यायचा आणि एकच विचारायचा, "मास्तर, ऐकू आलं का?"

मी म्हणायचो, "नाही बाबा, एक अक्षर नाही."

एवढ्यावर स्वारी खूश. नटांना पदकं मिळायची, शाली मिळायच्या. याला माझा नकार मिळायचा.

बाळासो हे मंडळीचे मालक आणि मुख्य नट. देवानं गळा दिला आणि तिथंच दमला असावा, कारण डोक्यात काही ठेवायचं राहून गेलं. पद सुरू झालं की माणूस वेगळा, हे मी कबूल करतो. पण गद्याची चार वाक्यं झाली की त्यांची गाडी रुळावरून उतरायची. मग डावा हात हळूच कानाच्या पाळीला जायचा. ही विंगेतल्या बिरप्पाला खूण होती: ओळ दे. बावीस वर्षं त्यांनी कान धरला आणि बावीस वर्षं यानं ओळ दिली.

पुढे बोलपटांची लाट आली. पुण्याकडच्या एका चित्रकंपनीनं मंडळीचं नाटक, संगीत चंद्रप्रताप, जसंच्या तसं यंत्रात उतरवून घ्यायचं ठरवलं. बिरप्पाही गेला. पण तिथं आवाज पकडणारं यंत्र असलं कान टवकारून बसलेलं की विंगेतली कुजबुजही पकडायचं. पहिल्याच दिवशी राजाच्या प्रत्येक वाक्याआधी बिरप्पाचं वाक्य ऐकू यायला लागलं. यंत्रवाल्यानं कपाळाला हात लावला आणि तोड काढली: शाळेतला मोठा फळा आणायचा, भाषणं त्यावर लिहायची, आणि बाळासोंनी ती वाचायची. लिहायची कुणी? ज्याचं अक्षर सुंदर त्यानं. बिरप्पानं तीन आठवडे हौसेनं फळे रंगवले. आपण आपलीच जागा पुसून टाकतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. चित्र संपल्यावर बाळासो म्हणाले, "बिरप्पा, तू आता घरी जा. चित्र लागू दे, मग बोलावतो." फळा काय, कुणीही लिहील. गरज सरो, वैद्य मरो.

नऊ महिन्यांनी चित्र सोलापूरला लागलं. ज्या पत्र्याच्या थिएटरात मंडळीची नाटकं व्हायची, त्याचीच आता टॉकीज झाली होती. बिरप्पाच्या विंगेत सोड्याच्या बाटल्यांच्या पेट्या रचल्या होत्या. मी गेलो आणि काय सांगू? आवाजाचं यंत्र तुळशीवृंदावनात लपवलेलं, त्यामुळे राजा, राणी, विदूषक आणि खलपुरुषसुद्धा तुळशीभोवती कोंडाळं करून उभे. कट शिजतोय तोही तुळशीपाशी. राजवाड्याचा पडदा वाऱ्यानं फुगतोय. बाळासो एक पद अकरा मिनिटं गातात आणि तेवढा वेळ कॅमेरा बापडा खिळून उभा. आणि वनवासाच्या प्रवेशात, राणीचा निरोप घेताना, ते राणीकडे बघतच नाहीत. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघतात आणि बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकत जातात, पुन्हा डावीकडे येतात, पुन्हा सरकतात.

"देवी, राज्य गेलं, वैभव गेलं, सोयरेही पाठ फिरवून गेले, परंतु जो पाठीशी उभा राहिला, त्याला विसरेन तर मी राजा कसला?"

शेजारचा कापडवाला डोळे पुसत म्हणाला, "काय नजर आहे हो! दूर, क्षितिजापलीकडे!" क्षितिज कसलं? फळा वाचत होता तो! मध्येच फळ्यावर उजेड चकाकला असणार, कारण जुन्या सवयीनं हात कानाला गेला. ती ही लकब. सोलापूरच्या पोरांनी उचलली ती एका विसराळू माणसाची भीक मागायची खूण.

पाचव्या आठवड्यात भिंतीवर कागद लागले: रविवारी तीनच्या खेळाला बाळासो जातीनं हजर राहणार. शनिवारी दुपारी बिरप्पा माझ्या दारात उभा. बगलेत फडक्यात बांधलेली नाटकाची वही.

"मालक येत्यात म्हनं. म्हनून आलो."

"कशाला?"

"बोलावतो म्हनले हुते की. इसरले असतील. लई कामं असत्यात त्यास्नी. नुस्तं दिसलो तर ध्यानात येईल."

"विसरले असतील म्हणे! अरे, तो माणूस आयुष्यात दुसरं काही शिकलाच नाही."

"मास्तर, मालकास्नी नावं ठिवू नगा," तो म्हणाला. मग बगलेतली वही सावरत म्हणाला, "मेंढरामागं जीव रमत न्हाय ओ. तितं ओळ कुनाला द्यायची?"

रविवारी आम्ही पुढच्या बाकावर बसलो. मी चित्र पाहिलंच नाही, बिरप्पाकडे बघत होतो. राजाचं तोंड उघडायच्या आधी याचे ओठ हलायचे. पडद्यावरच्या माणसाला ओळ लागत नाही हे बिरप्पाला कळत होतं, पण त्याच्या ओठांना कोण सांगणार?

चित्र संपलं, दिवे लागले आणि बाळासो पडद्यापुढच्या अरुंद फळीवर आले. जरीचा फेटा, गळ्यात हार. लोकांनी आरडाओरडा केला, "भाषण! वनवासाचं भाषण!" बाळासोंनी नको नको म्हटलं, मग भुलले. मोठ्या माणसाला भुलायला वेळ लागत नाही.

"देवी," त्यांनी सुरुवात केली, आणि आवाज खरोखर पत्र्याला भिडला. "राज्य गेलं, वैभव गेलं, सोयरेही पाठ फिरवून गेले, परंतु..."

परंतु पुढे काही नव्हतं. त्यांनी फळ्याच्या जागेकडे पाहिलं. तिथं चुन्याची भिंत होती. त्यांनी विंगेकडे पाहिलं. तिथं सोडा. हात कानाला गेला आणि थिएटर टाळ्यांनी कोसळलं! लोकांना वाटलं, लकब प्रत्यक्ष बघायला मिळाली. माणूस बुडत होता आणि काठावरचे पोहण्याची तारीफ करत होते. बाळासोंनी दुसऱ्यांदा कान धरला. टाळ्या विरळ झाल्या. तिसऱ्यांदा धरला तेव्हा टाळ्या नव्हत्या, आणि त्यांची नजर खाली आमच्या बाकावर आली. त्यांनी बिरप्पाला ओळखलं. हात कानावर तसाच ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले.

बिरप्पा अर्धा उठला. "जो पाठी..." एवढं त्याच्या तोंडातून निघालं असेल नसेल, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला. आणि त्याच्या कानात म्हणालो, "पडू दे. एकदा तरी पडू दे."

धनगराचं मनगट. मला त्यानं उचलून सोड्याच्या पेटीवर आपटलं असतं. पण तो हलला नाही. हलला असता तर आवाज झाला असता, आणि आम्ही पहिल्या रांगेत होतो.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मशीन बंद पड्या क्या रे!" सगळं थिएटर हसलं. हसू थांबेना. बाळासोंनी घशाला हात लावून घसा बसल्याचं सोंग केलं, हात जोडले आणि बाजूच्या दारानं मोटारीत बसून थेट स्टेशन गाठलं. मला काय आनंद झाला! बावीस वर्षांचा हिशेब एका दुपारी चुकता केल्यासारखा मी छाती काढून बसलो होतो.

बिरप्पानं माझा हात तोंडावरून हळूच काढला. थिएटर रिकामं होईपर्यंत तो बसून राहिला. मग म्हणाला, "बावीस वर्सांत एकबी ओळ पडली न्हवती."

"त्याची पडली, तुझी नाही."

"कुनाचीबी पडली तरी माजीच की ती. आज तुमी पाडली."

"अरे, त्यानं तुला हाकलून दिलं!"

"व्हय. आनि आज मागितली. हाजार मानसांम्होरं माज्याकडं बघून मागितली, मास्तर." त्यानं वहीच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळली. "जाऊ द्या. तुमास्नी न्हाय समजायचं."

तो गेला. मला समजलं, पण घरी पोचल्यावर. ती एक ओळ त्यानं दिली असती तर बाळासोंनी तिथंच त्याला हाताला धरून मोटारीत बसवलं असतं. त्याला एवढंच हवं होतं. बाळासोंची फजिती मला हवी होती, त्यानं कधी मागितली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या पोरांनी कान सोडला, आणि शहाणपणात सोलापुरात माझ्याखाली एकही माणूस उरला नाही.

हिवाळ्यात आमच्या शाळेचं संमेलन होतं. मुलांचं छोटं नाटक बसवलं होतं. मी बिरप्पाला पत्र घातलं, येईल असं वाटत नव्हतं. तो आला. मुलांना रामराम केला, मला केला नाही, आणि चादरीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. पोरंच ती, दर दोन वाक्यांना अडखळत होती. पण एकही ओळ पडली नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

नाटक संपलं. मी खुर्चीवरून उठलो नाही. आता उपरण्यानं तोंड पुसत येईल आणि विचारेल, म्हणून वाट बघत राहिलो. शिपाई सतरंज्या गुंडाळायला लागला तेव्हा मी विचारलं, "बिरप्पा कुठं आहेत?"

"ते व्हय? मागच्या दारानं गेले की कवाच. अक्कलकोटची मोटार गाठायची म्हनले."

मला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. तेवढं त्याला सांगायचं राहून गेलं.