चुडाव्याची ढोलकी

मी मानवत रोडला गाडीत बसायचे, माझी मैत्रीण चुडाव्याला. मी एका बाजूने येऊन परभणीत उतरायचे, ती दुसऱ्या बाजूने. कॉलेजात आम्हाला अप-डाऊनवाल्या म्हणत. तिसरी मैत्रीण परभणीतलीच, कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहणारी. तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांना कव्वालीचं भयंकर वेड. खोकाभर कॅसेटी होत्या त्यांच्याकडे. ते कचेरीत गेले की टेपरेकॉर्डर आमच्या ताब्यात.

परतीच्या गाडीला दोन तास असायचे. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून कव्वाल्या ऐकायचो. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायचा, वहीत लिहायची. उर्दू शब्द अडला की संध्याकाळी ती वडिलांना विचारून ठेवायची. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या आजोबांकडून त्यांना ती भाषा मिळालेली. कारकुनाची लेक म्हणून ती आमची कारकूनमैत्रीण; तिचा आवाज मोकळा होता, तान तीच घ्यायची. मी टाळ्या वाजवून साथ धरायचे. चुडाव्याची मात्र गात नसे. ती पिठाचा डबा मांडीवर आडवा घेऊन बसायची आणि बोटांनी असा ठेका धरायची की मैत्रिणीची आई लाटणं हातात धरून दारात येऊन उभी राहायची.

"कुठं शिकलीस गं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"घरी. बाबा गावच्या भजनात ढोलकी वाजवतेत. ते शेतात गेले की खुंटीवरची काढून वाजवते. त्यान्ला न्हाई माहीत."

दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही कव्वालीसाठी नाव दिलं. आमच्या कॉलेजात तोवर कव्वाली मुलंच म्हणायची. मुलींनी भावगीत म्हणावं, नाहीतर फेर धरावा, असा रिवाज. सरांनी नाव घेतलं, पण ढोलकीला मुलांच्या गटातला वाजवणारा दिला. चाल आम्ही एका जुन्या कव्वालीच्या अंगाने बसवली आणि शब्द आमचे घातले. विषय रोजचाच, उशिरा येणारी पॅसेंजर.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तो ढोलकीवाला आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मी तुमच्यासंगं बसणार न्हाई. पोरं हसायलीत मला."

सर म्हणाले, "मग नाव काढू या. पुढच्या वर्षी बघू."

मला रडू येत होतं. कारकूनमैत्रीण सरांशी भांडायच्या तयारीत होती. चुडाव्याची शांतपणे म्हणाली, "सर, ढोलकी तेवढी ठिवून जायला सांगा त्याला. मी वाजवते."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "वाजवशील?"

"वाजवते म्हणले ना."

दुपारी आमचा नंबर आला. मंडपात मागच्या बाजूला मुलांचा घोळका होता. ती ढोलकी घेऊन मांडी घालून बसली तशी शिट्ट्या सुरू झाल्या. तिने वर पाहिलंच नाही. एकेक कडी सरकवून दोरी ताणली, थाप मारून कान लावला, पुन्हा ताणली. शिट्ट्या संपेपर्यंत तिचं हेच चाललं होतं. मग तिने मान हलवली आणि सुरुवात केली.

पहिल्या थापेलाच मंडप गप्प झाला. डब्यावर ऐकलेला ठेका मला माहीत होता, पण हे निराळंच होतं. डाव्या हाताचा घुमारा पायाखालच्या फळ्यांतून अंगात शिरत होता. कारकूनमैत्रिणीने गळा सोडला:

सिग्नल पडता पडत न्हाई, गाडी येता येत न्हाई,
तास हुकला पहिला तरी सर काही ऐकत न्हाई.

मंडपातले निम्मे लोक अप-डाऊनवाले. दुसऱ्या वेळेला ती ओळ मागच्या पोरांनीच उचलली. तिसऱ्या वेळेला प्राचार्य मांडीवर ठेका धरून होते. मध्येच ढोलकीवालीने गाणं थांबवायची खूण केली आणि एकटी वाजवू लागली. गाडी स्टेशनातून निघते तशी सावकाश, मग चढत, मग पुलावरून धडधडत. आम्ही दोघी टाळ्या द्यायच्या विसरून तिच्याकडे बघत राहिलो. ती समेवर आली तेव्हा सगळा मंडप उभा होता.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. सकाळचा तो ढोलकीवाला ढोलकी न्यायला आला आणि खाली बघत म्हणाला, "शेवटचं ते पुन्हा एकदा दाखव की." तिने दाखवलं. आम्ही दोघींनी दाखवलं नसतं.

मंडपाबाहेर धोतर-टोपीतला एक माणूस उभा होता. तिचे वडील. बाजाराला म्हणून परभणीला आले होते आणि लेकीचं कॉलेज बघावं म्हणून इकडे वळले होते. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, मी सांगणार होते..."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी कड्या ढिल्या करून ठिवायचो. दुसऱ्या दिवशी ताणलेल्या घावायच्या. घरात दुसरं कोण हाय ताणणारं?" मग म्हणाले, "डावा हात लय गोड हाय तुहा. माझ्यापेक्षा."

ते ऐकून ती रडली. दिवसभरात तेवढंच.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. मी मानवतला शाळेत शिकवते, कारकूनमैत्रीण वडिलांसारखीच कचेरीत आहे. ढोलकीवाली पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यात दिली. सासरी पहिली काही वर्षं तिने हात आवरला. मग एकदा गावच्या भजनात वाजवणारा आला नाही, तेव्हा सासूनेच तिला पुढे केलं. आज तिचं बायकांचं भजनी मंडळ आहे. शेतातून आलेल्या बायका, सुना, लेकी. ढोलकीला तिने चौघींना तयार केलंय.

यंदा तालुक्याच्या भजन स्पर्धेला आम्ही दोघी गेलो. सगळी मंडळं पुरुषांची, एवढं एकच बायकांचं. पन्नाशीची ती मधोमध बसली होती, चष्मा नाकावर आलेला. तिच्या बायकांनी असं भजन उभं केलं की निकाल लागायच्या आधीच बाकीच्या मंडळांचे म्हातारे टाळकरी येऊन तिला हात जोडून गेले. पहिला नंबर तिचाच.

परत जाताना तिने आम्हाला टेम्पोत कोंबलं. वेशीपासून घरापर्यंत बायका वाजवत, गात गेल्या. उन्हं अजून कलली नव्हती. दारादारांत माणसं उभी होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "कितवा आला?"

तिने हात न थांबवता मान वर केली. "पहिला."

आमचे दोघींचे गळे बसले होते, तरी आम्ही गात होतो.