फुटपाथवरून चुडा

आमच्या तालुक्याच्या गावात सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना फुटपाथही झाले. सिमेंटचे लाल-पिवळे गट्टू बसवले. सुरुवातीला लोकांना त्याचं इतकं अप्रूप, की संध्याकाळी बायका चपला काढून त्यावर गप्पा मारत बसायच्या. मग अप्रूप ओसरलं आणि ज्याला जे सुचलं ते त्यानं तिथं मांडलं. कुणी भाजीचा गाडा लावला, कुणी मोटारसायकल, कुणी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर. त्यातून चालणाऱ्यांसाठी जी अरुंद वाट उरली, तिच्यावर सायकली आल्या.

माझं त्याच रस्त्यावर बांगड्यांचं दुकान आहे. गादीवर बसल्या बसल्या मला रस्ता दिसतो, फुटपाथ दिसतो आणि माणसं कशी वागतात तेही दिसतं. त्यामुळे या विषयावर माझ्याइतकं ठाम बोलणारं गावात दुसरं कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. सायकलवाले फुटपाथवर का चढतात तेही मला कळतं. दिवाळी झाली की शिरूरकडची माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाठोपाठ आमच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर रचलेला ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय आणि गाणी इतकी मोठ्यानं लावलेली, की ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. त्याच्या शेजारून सायकल हाणायची म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. मी असते तर मीही फुटपाथवरच चढले असते. पण चढल्यावर खाली उतरून सायकल हातात धरून चालले असते. इथं तसं होत नाही. ट्रॅक्टरला भ्यालेला माणूस फुटपाथवर आला की लगेच शेर होतो, आणि मग भ्यायची पाळी आमच्यावर येते.

हे सगळं मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना ऐकवत होते तोवर ठीक होतं. पुढे ते आमच्या घरात शिरलं.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, उमेदीची सगळी वर्षं सायकलवर बांगड्या विकत फिरले. मागे कॅरिअरला काचेच्या बांगड्यांची पेटी बांधायची आणि युसूफ वडगावचा बाजार, आसपासच्या वाड्या-वस्त्या पालथ्या घालायच्या. काच घेऊन फिरणारा माणूस सायकल कशी चालवत असेल ते वेगळं सांगायला नको. काही वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. डावं अंग गेलं. मग ते हळूहळू परत आलं, पण पुरतं आलं नाही. डॉक्टरांनी बजावलं की रोज चाललं पाहिजे, बसून राहिलात तर पाय कायमचा जाईल. नुसतं चालायचं म्हणून चालणं आमच्या मालकांना जमणाऱ्यातलं नव्हतं. काम असल्याशिवाय घराबाहेर पडणं त्यांना रिकामटेकडेपणाचं वाटतं. म्हणून मी त्यांना काम लावलं. मी सकाळी लवकर दुकान उघडायचं आणि त्यांनी मागून माझा डबा घेऊन यायचं. डबा गळ्यात अडकवून, उजव्या हातात काठी धरून ते यायचे. डावा पाय थोडा ओढत चालायचा, पण चालायचा. दुकानाच्या पायरीशी आले की ते दम खात उभे राहायचे आणि तोंडावर मोठा तीर मारल्याचा भाव असायचा. मला ते बघायला फार आवडायचं.

आमच्या गावात अलीकडे शिकल्या-सवरलेल्या लोकांनी गिअरच्या महागाच्या सायकली घेतल्यात. डॉक्टर, प्राध्यापक, वकील. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, अंगात पोपटी रंगाचे कपडे. व्यायाम चांगलाच आहे, माझं त्याला काही म्हणणं नाही. एका सकाळी त्यातलेच एक वकीलसाहेब कानात गाणी घालून फुटपाथवरून आले. आमचे मालक पुढे चालले होते. वकिलांनी घंटी वाजवली नाही, हाक मारली नाही. सायकलचं हँडल मालकांच्या डाव्या कोपराला लागलं, ते गर्रकन फिरले आणि बसले खाली. डबा उघडून भाकरी आणि पिठलं गट्टूंवर सांडलं. वकील थांबले नाहीत. नुसती मान वळवून "काका, कडेनं चालत जा ना" म्हणाले आणि गेले. हे सगळं माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर झालं, मी डोळ्यांनी पाहिलं. मी पदर खोचून ओरडत धावले, पण सायकल केव्हाच चौकात पोचली होती.

हाड मोडलं नव्हतं. कोपर आणि गुडघा सोलवटला होता. मी त्याच पावली वकिलांच्या ऑफिसात जाऊन त्यांची चांगली खरडपट्टी काढणार होते. मालकांनी मला अडवलं. ते म्हणाले, "चूक माझीच हाय. मी मधोमध चालत व्हतो. सायकलवाल्याला जागा द्याया पायजे." आणि मग आणखी हळू आवाजात, की वकिलाचं घर आपलं गिऱ्हाईक आहे, जाऊ नको.

मला संताप आला तो वकिलाचा कमी आणि या बोलण्याचा जास्त. ज्या माणसानं कॅरिअरवर काच बांधून जन्मभर कुणाला धक्का लावला नाही, तो स्वतः धक्का खाऊन वर आपलीच चूक म्हणतो. पण आजारी माणसाशी किती भांडायचं? मी गप्प बसले, आणि तेच अंगाशी आलं. दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारी दुकानाचं शटर ओढून मीच घरी जेवायला जायला लागले. मालक दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे. म्हणायचे, आज पाय जड हाय, उद्या बघू. बघता बघता त्यांचा पाय सुजायला लागला आणि खुर्चीतून उठायला त्यांना माझा हात लागायला लागला. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. चालणं गेलं असतं तर पाय गेला असता, आणि पाय गेला असता तर माझा माणूस त्या खुर्चीतच संपला असता. मला धडधडीत दिसत होतं ते.

मग मी माझ्या परीनं हातपाय मारले. नगरपंचायतीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि वरून मंजुरी आली की सायकली अडवायला लोखंडी खांब बसवू म्हणाले. मी दुकानासमोर फुटपाथच्या मधोमध स्टूल टाकून बसले. येणारा प्रत्येक सायकलवाला मला बघून खाली उतरायचा, कारण त्या प्रत्येकाच्या आईच्या नाहीतर बहिणीच्या हातात बांगड्या मीच भरलेल्या. पण माझं स्टूल माझ्या दुकानापुरतं. घरापासून दुकानापर्यंतचा फुटपाथ काही मला बसून अडवता येत नव्हता.

अशात वकिलांची बायको दुकानात आली. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि चुडा भरायला तिला मीच हवी होते. आमच्याकडे हळदीच्या आधी नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतात. कासारीण घरी येते, तिला पाटावर बसवतात, कुंकू लावतात, ओटी भरतात. चुडा भरून झाला की नवरी कासारणीच्या पाया पडते आणि मगच पुढचं सगळं सुरू होतं. मला "नाही" म्हणता आलं असतं, पण मी म्हटलं नाही. पोरीनं माझं काय वाकडं केलं होतं? मी हो म्हणाले आणि एकच सांगितलं, की चुडा न्यायला घरचा कर्ता माणूस यायला पाहिजे. ती म्हणाली, हे स्वतः गाडी घेऊन येतील.

आले. पांढरी लांबलचक गाडी आमच्या दाराशी उभी राहिली. मी मालकांना धुतलेलं धोतर नेसवून, डोक्याला टोपी घालून तयार ठेवलं होतं. सकाळपासून आमचं त्यावरून वाजत होतं. मी सांगितलं होतं, चुडा आपल्या घरात कधी गाडीत घालून नेलेला नाही. लग्नघरी तो कासाराच्या हातातून पायीच जातो. ही रीत खरी आहे. माझ्या सासऱ्यांनी पाळलेली, मालकांनी पाळलेली. लांबच्या गावीसुद्धा ते वेशीपर्यंत सायकलनं जायचे आणि पुढं पेटी हातात घेऊन चालायचे. रीत मी शोधून काढली नव्हती, नेमकी त्या दिवशी ती मोडायला तयार झाले नाही एवढंच. आणि रीतीपुढे मालकांचं काही चालत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

वकिलांनी गाडीचं दार उघडलं. मी म्हटलं, गाडी इथंच राहू द्या, आपण चालत जाऊ. ते हसले. म्हणाले, काकू, चेष्टा करता का, एवढ्या लांब काकांना चालायला लावता? तेव्हा मी सांगितलं. कोणत्या सकाळी, कुठल्या दुकानासमोर, डब्यात काय होतं, ते काय बोलले, सगळं. त्यांचा चेहरा कोरा झाला. ते खोटं वागत नव्हते, एवढं मला समजलं.

"काकू, मला खरंच आठवत नाही," ते म्हणाले.

"तुमाला कावून आठवंल? तुमी पडला न्हाईत," मी म्हटलं. "त्या दिवसापासून ह्यांनी उंबरा वलांडला न्हाई."

वकिलांनी गाडीला कुलूप लावलं.

आम्ही निघालो. मालकांनी लाल फडक्यात गुंडाळलेली चुड्याची पेटी उजव्या हातानं छातीशी धरलेली. काठी धरायला हात उरला नाही म्हणून डाव्या बाजूनं मी. मागे वकील, सिल्कच्या कुडत्यात. फुटपाथवर दोघांच्या वर माणसं शेजारी मावत नाहीत. मालक इतके हळू चालत होते की वकिलांना प्रत्येक पावलाला थांबावं लागत होतं. गाडे चुकवत, बॅनरखालून वाकत, उचकटलेल्या गट्टूंवरून पाय सांभाळत आम्ही चाललो. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. वकील कुणाकुणाला नमस्कार करत होते आणि अवघडून हसत होते. मालकांचा सगळा भार माझ्या हातावर येत होता. मला क्षणभर वाटलं, आपण हट्टापायी भलतंच तर नाही करून बसलो. पण मागं फिरायचं नाव मी काढलं नाही.

चौकाच्या अलीकडे मागून घंटी वाजली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेल्या सायकलवर बसून एक दांडगा माणूस येत होता. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर ओळीनं उभे, त्यामुळे त्याला रस्त्यावर उतरायला जागा नव्हती. तो घंटी वाजवतच राहिला. "सरका की वो," असं ओरडला. मालकांचं अंग एकदम आखडलं. ते गटाराच्या कडेकडे सरकायला लागले. आणि वकिलांनी, सगळं ऐकूनही, मागून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "काका, कडेला या जरा, जाऊ द्या त्याला."

मी तोंड उघडणार होते. पण त्या आधी मालक थांबले. एक पाय कडेला गेलेला, तो त्यांनी ओढत परत मधोमध आणला. त्याला वेळ लागला. वळून मात्र त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"मी चालायलोय," ते म्हणाले. "त्यो थांबल."

इतक्या दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता. बाजारात भाव सांगताना त्यांचा असा आवाज असायचा, घासाघीस बंद करणारा. वकिलांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. दूधवाला सायकलवरून खाली उतरला. कुरकुरला थोडा, पण उतरला, आणि सायकल हातात धरून वकिलांच्या मागून चालायला लागला. त्याच्या मागे क्लासच्या दोन पोरी आपल्या सायकली ढकलत आल्या. चौक येईपर्यंत अशी आमची सगळ्यांची ओळ मालकांच्या चालीनं चालली होती.

लग्नघरी पोचायला बराच उशीर झाला. बायका ताटकळल्या होत्या. वकिलांनी बायकोला फक्त "चालत आलो" एवढंच सांगितलं आणि पाण्याचा तांब्या स्वतः घेऊन मालकांपुढे आले. पोरीचे हात मऊ होते, चुडा सहज चढला. एकही बांगडी वाढली नाही; फुटली असं आम्ही म्हणत नाही. पाया पडताना ती आधी माझ्या आणि मग मालकांच्या पाया पडली.

फुटपाथ त्यानंतर सुधारला असं मी म्हणणार नाही. खांब अजून आलेले नाहीत. सायकली चढतात, मी ओरडते. वकील आता पहाटे सायकल घेऊन बायपासला जातात म्हणे, ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत.

त्या दिवशी ओटी घेऊन बाहेर पडलो तेव्हा उन्हं चढली होती आणि मालकांच्या कपाळावर घाम होता. आता बास, असं मला वाटलं. मी रस्त्याकडे वळून रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. मी मागं वळून त्यांचा हात धरायला गेले तर ते जागेवर नव्हते. फुटपाथच्या मधोमध, पाय ओढत, ते घराच्या दिशेनं चालायला लागले होते.