खंडेनवमीची टेप

रोहन, मीरा — तुमच्या आजीला भुताखेतांच्या गोष्टी कधी सांगता आल्या नाहीत. काही विचित्र घडलं की मी आधी फ्यूज बघते, मग खिडकीची कडी, आणि तेवढ्यात कारण सापडतंच. आजवर एकदाच सापडलं नाही. परवा रोहन फोनवर म्हणाला, "आजी, आमचं सॉफ्टवेअरचं पॅकेजिंग एका बटणावर होतं," तेव्हा ते आठवलं... म्हणून लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मुलुंड पश्चिमेला, एका औद्योगिक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. भांडुपच्या एका औषध कारखान्यासाठी आम्ही स्टोअर्सची सिस्टिम लिहिली होती. ती त्यांच्या मशीनवर न्यायची, तर सगळे प्रोग्राम आणि ते ज्यांच्यावर अवलंबून असतात त्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडच्या फाइल्स, एकत्र बांधून कॅसेटसारख्या टेपवर उतरवायच्या. हे बांधण्याचं काम 'मेक' नावाचं टूल करायचं. पण त्याला जेवढं सांगाल तेवढंच ते घेई.

हे काम माझ्या हाताखालची सुधा सावंत बघायची. वडिलांची गिरणी बंद पडलेली, घर तिच्या पगारावर, आणि नोकरी अजून कच्ची. आधीच्या दोन्ही टेप कारखान्यात चालल्या नव्हत्या. "दसऱ्याच्या मुहूर्ताला चालली नाही तर कंत्राट रद्द," असं तिथले मॅनेजर म्हणाले होते. मग सुधाचं काय होणार, हे आमच्या मालकांनी, पै साहेबांनी, वेगळं सांगायची गरज नव्हती.

खंडेनवमीला सकाळी सुधाने नवी टेप केली. बाहेर काढून तिच्यावरचा बाण 'सेफ'कडे फिरवला, म्हणजे चुकून वर काही लिहिलं जाऊ नये. मग मशीन बंद करून प्लग काढला. दुपारी पूजा — मशीनला झेंडूचा हार, टेपवर हळदकुंकू, आणि सगळे टाळ्या वाजवत आरतीला उभे.

पेढा खाताना मी सहज विचारलं, "तारखांची लायब्ररी मेकला सांगितलीस ना गं?"

"ती वेगळी सांगायची? आपल्याकडे तर सगळं चालत होतं!"

"आपल्या मशीनवर ती आहेच, म्हणून. त्यांच्याकडे कुठून येणार?"

सुधाचा पेढा हातातच राहिला. "वाट लागली, मॅडम."

मी साहेबांना गाठलं. "नवी टेप करायला हवी. मशीन चालू करू द्या."

"पूजलेल्या मशीनला आज हात नाही लावायचा, बाई."

"उद्या सकाळी टेप तिकडे हवी!"

"मग आहे तीच न्या. कुंकू लागलंय तिला!"

त्यांनी मशीनच्या खोलीला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि बहिणीकडे पुण्याला गेले. टेप मी पर्समधून घरी आणली.

दसऱ्याला सकाळी भांडुपला जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. एक दिवस मागून घ्यायचा होता. सुधाने टेप घातली, प्रोग्राम उतरवले, सुरू केले... आणि पडद्यावर औषधांच्या नावांपुढे तारखा नीट येत गेल्या. मॅनेजरांनी हसत आमच्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

मला वाटलं, लायब्ररी त्यांच्या मशीनवर आधीच असेल. म्हणून टेपवरच्या फाइल्स पाहिल्या. ती टेपवरच होती. आणि तिच्यापुढची वेळ होती आदल्या दुपारची. मशीनचा प्लग काढलेला होता, टेप ताम्हनाशेजारी होती आणि आम्ही आरती म्हणत होतो, तेव्हाची.

साहेब परतल्यावर खोली उघडली. मशीनचं घड्याळ बरोबर. मेकला दिलेल्या सूचनांत लायब्ररीचं नाव नाही. त्याच सूचनांनी दुसरी टेप बांधली, तर तिच्यात लायब्ररी आली नाही!

साहेबांनी मशीनपुढे हात जोडले. "आता काही बदलू नका. जसं आहे तसं राहू दे."

ते वळले तशी सुधा खुर्ची ओढून बसली आणि मेकच्या सूचनांत लायब्ररीची राहिलेली ओळ टाइप करू लागली.

"अगं, साहेब आत्ताच काय म्हणाले?"

"मॅडम, देवाने एकदा सांभाळून घेतलं," ती म्हणाली. "दरवेळी त्यालाच राबवलं तर साहेब त्यालाच कायम करतील, मला नाही."

दिवाळीआधी सुधा कायम झाली. त्या वेळेचं कारण मला अजून सापडलेलं नाही.