अर्ध्या बंदुकीसाठी दिघोरीला

माझ्या नवऱ्याला, विलासला, जुन्या फौजी बंदुका जमवायचं वेड आहे. कोणतीही बंदूक नाही हं, जिचा इतिहास कागदावर आहे तीच! आणि त्याची सगळ्यात लाडकी बंदूक निघाली अर्धी. एका दुकानदाराकडून लाकडी दस्ता, घोडा आणि इंग्रजांच्या काळातला तिचा परवाना मिळाला. नळीचा पत्ता नाही. परवान्यावर मूळ मालकाचं नाव, गाव दिघोरी आणि दस्त्यावर कोरलाय तोच आकडा. नळी मिळाली की बंदूक पुरी, म्हणून एका रविवारी आम्ही नागपूरहून निघालो.

भंडाऱ्यापर्यंत रस्ता झकास. जवाहरनगरचा फाटा आला तसा विलास म्हणाला, "इथे दारूगोळ्याचा अख्खा कारखाना, आणि मी फिरतोय एका नळीसाठी." मी म्हटलं, "मग उतर, विचारून ये!" अड्याळला तर्री पोहे खा, तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा. पुढचा आतला रस्ता अरुंद आहे, धानाचे ट्रॅक्टर समोर आले की मुकाट्यानं थांबायचं. पेट्रोल, टोल, नाश्ता धरून दीडेक हजारात काम होतं.

दिघोरीत पानठेल्यावर आडनाव सांगितलं. "बंदूकवाल्याइचं घर म्हना नं! थे का, विहिरीच्या बाजूनं." मज्जा अशी, की त्या घरात बंदूक कोणी पाहिलेलीच नव्हती.

घरी कौसल्याआजी होत्या, परवान्यावरच्या माणसाची नातसून. "लगन होऊन आली तवापासून नाव आइकून राहिली. पाह्यली नाई बाप्पा!" विलासचं तोंड एवढंसं झालं. "आता आले तं जेवूनच जा," म्हणत आजींनी चूल पेटवायला घेतली. घरात गॅस आहे, पण भात चुलीवरचाच. लांबडी फुंकणी तोंडाला लावली आणि तिच्या कडेला एक बोट दाबून धरलं.

"आजी, बोट काहून?" मी विचारलं.

"भोक हाय नं तिले. बोट नाई ठेवलं तं हवा जाते. सासूनं शिकवलं मले."

विलास ताडकन उठला. "अगं, बंदुकीतली दारू पेटवायला नळीला असंच भोक असतं!" भोकाजवळची काजळी राखेनं घासली. आकडा तोच! माझ्या अंगावर काटा आला, विलासचे तर डोळेच भरले.

"आजी, सांगाल ती किंमत देतो. नवी फुंकणीसुद्धा आणून देतो."

"बाकीची बंदूक कोठी हाय?"

"आमच्या घरी, भिंतीवर."

"आन कागद?"

विलासनं परवाना वाचून दाखवला. नाव, गाव, आकडा, सगळं अगदी ऐटीत.

"म्हंजे थे आमचीच नं?"

"...हो."

"मंग बापू, थे इकडं आनून जोड नं! माही फुंकणी कायले नेतेस?"

लाखोरीची पालेभाजी आणि भात इतका फर्मास होता, की मी दोनदा वाढून घेतला. विलासनं नुसता चिवडला.

घरी आल्यावर तो बराच वेळ भिंतीसमोर उभा होता. मला कीव आली, खरं सांगते. त्या लाकडाला तेल लावण्यात त्याच्या कितीतरी सुट्ट्या गेल्यात. "पैसे मोजून घेतलीय आपण," मी म्हटलं. "कोणी चोर म्हणणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. मग दस्ता खाली उतरवून जुन्या चादरीत गुंडाळायला लागला.

"आजींचं पूर्ण नाव काय गं? बंदूक त्यांच्या घरी ठेवायच्या परवानगीच्या अर्जावर लागेल."