नाव विचारणाऱ्या खासदारबाई

खासदारबाई कोणत्याही बाईमाणसाशी बोलायला लागल्या की आधी तिचं नाव विचारत. तिचं स्वतःचं, नवऱ्याचं नाही, लेकाचं नाही. दर्यापूरच्या सभेत त्यांनी पुढे बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, "बुढे, तुह्यं नाव काय हाय?" ती लाजून म्हणाली, "पांडुरंगाची माय." "थे पोराचं झालं. तुह्यं सांग." म्हातारीला खरोखरच आठवावं लागलं. मंचावरचे पुढारी घड्याळं पाहत होते आणि बाई शांतपणे थांबून होत्या.

याला कारण होतं. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करायला माणसं दारोदार फिरली तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी बायांनी नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची माय, एवढंच लिहून घेतलं आणि पुढे त्या यादीतून उडाल्या. बाई तर स्वतः उमेदवार. पण भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, 'वकीलसाहेबांच्या पत्नीला मत द्या'. निवडून आल्यावर त्यांनी दिल्लीत कापसाच्या भावावर प्रश्न विचारला, तर इथल्या वर्तमानपत्राने वकीलसाहेबांचं अभिनंदन छापलं. बाई तो अंक दाखवून खूप हसल्या. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

मी वलगावची, बौद्ध घरातली, आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. बाईंनी मला पत्रं लिहायला ठेवलं. प्रत्येक पत्राखाली त्यांची सही आणि कोपऱ्यात 'लिहिणारी : शेवंता'. मी संकोचले तर म्हणाल्या, "कावून लाजतं वं? पत्र कोनं लिवलं थे साहेबाले कयलं पायजे." अशी शेकडो पत्रं गेली, तेव्हा कुठे अमरावतीत खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह उभं राहिलं. तिथे सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीत जेवत. बाईंनी आयुष्यात जपलं असेल तर ते हेच.

पुढच्या निवडणुकीआधी अकोल्याहून पक्षाची माणसं आली. त्यातले ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "बाई, आमच्या पोरींची चूल अलग करा. तिकीट तुमचंच हाय." मी दारातच उभी होते. मला पाहूनही त्यांचा आवाज खाली आला नाही.

"चूल एकच राहीन," बाई म्हणाल्या. "तिकीट घिऊन जा."

तिकीट बाईंच्याच पुतण्याला मिळालं, ज्याने तोवर घरच्या कापसाच्या जिनिंगच्या आवाराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. आणि बाई त्याच्या प्रचाराला गावोगाव फिरल्या! माझा तो राग अजून गेलेला नाही. मी तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "मी भांडली तं हे लोक वसतिगृहाले कुलूप ठोकतीन. पोरी कुटी जातीन?" त्या प्रचारात एका गावी त्यांनी मुक्कामाच्या घरातल्या सुनेला नाव विचारलं नाही. ते मी पहिल्यांदाच पाहिलं. नंतर त्या कुठेच फारशा गेल्या नाहीत.

काही वर्षांनी बाई वारल्या. वकीलसाहेब त्याआधीच गेले होते. मी वसतिगृहाची रेक्टर झाले होते. राहायला दोन खोल्या, महिन्याचा पगार, म्हातारे आईवडील माझ्याजवळ. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष आता तो पुतण्या होता. त्याने वसतिगृहाला वकीलसाहेबांचं नाव द्यायचं ठरवलं. मी बैठकीत होते. मी बोलले नाही. संगमरवरी पाटीवर खाली एक ओळ आली : 'त्यांच्या सुविद्य पत्नी, माजी खासदार, यांच्या प्रयत्नाने.'

ती पाटी आजही दारावर आहे. मजकूर कोणी लिहिला ते कोपऱ्यात नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून तो माझ्याकडूनच लिहून घेतला होता.

बाईंचं नाव सुभद्रा होतं.